दोन देशांतली चौथी

जर्मनीत शाळेत पालकभेटीला गेलं की मुलांच्या खुर्चीवर बसावं लागतं. मोठ्या माणसांसाठी वेगळी खुर्ची वर्गात नसतेच. गुडघे छातीशी घेऊन बसलं की कितीही शिकलेला माणूस तिसरीतला होतो. गेल्या जुलैत मी अशीच बसले होते आणि समोर तशाच खुर्चीवर, पण सवयीने आरामात, माझ्या मुलीच्या वर्गशिक्षिका फ्राउ केलर बसल्या होत्या.

"ईराला सगळं येतं," त्या म्हणाल्या, "पण ते मला तिच्या वहीवरून कळतं. वर्गात कळत नाही. वर्षभरात तिने स्वतःहून बोट वर केल्याचं मला आठवत नाही."

आपल्याकडच्या वाचकाला यात काळजीचं काय ते कळणार नाही. मलाही पहिली काही वर्षं कळलं नव्हतं. तिथे वर्गात बोलण्याला लिहिण्याइतकीच किंमत आहे. मूल प्रश्न विचारतं का, दुसऱ्याच्या उत्तरावर काही म्हणतं का, हे सगळं प्रगतिपुस्तकात उतरतं. आणि चौथीच्या मध्यावर, ऐन थंडीत, बाई एक पत्र लिहितात. मूल पुढे कुठल्या प्रकारच्या शाळेत शोभेल याचं पत्र. एक शाळा विद्यापीठाकडे नेणारी, एक मधली, एक हातात कसब देणारी. पुढे वाट बदलता येते असं सगळे सांगतात, पण सांगताना आवाज जरा खाली येतो. नऊ-दहा वर्षांच्या पोराचं असं पत्र! मी त्या वयात रत्नागिरीत चौथीच्या स्कॉलरशिपला बसले होते. नंबर आला नाही. तरी पाचवी तीच, शाळा तीच, मैत्रिणी त्याच.

घरी येताना मला एक गोष्ट आठवली, जी मी फ्राउ केलरना सांगितली नव्हती. ईराच्या शाळेच्या पहिल्या दिवशी तिचे केस विंचरताना मीच तिला बजावलं होतं, "बाईंनी विचारल्याशिवाय बोलायचं नाही हं." 'हाताची घडी, तोंडावर बोट' यात माझं बालपण गेलं. मी तेच बोट माझ्या मुलीच्या ओठांवर ठेवून तिला जर्मन शाळेत पाठवलं होतं.

फोनवर हे सगळं ताईला सांगितलं. माझी मोठी बहीण सुनीता रत्नागिरीत राहते आणि खाडीपलीकडच्या एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. तिने माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तुमच्या सुट्ट्या लागतात तेव्हा आमची शाळा भरात असते. घेऊन ये तिला. बसेल माझ्या वर्गात पाहुणी म्हणून." ईराच्या बाबाला रजा नव्हती. आम्ही दोघीच निघालो.

रत्नागिरी

प्रवासाचं सांगण्यासारखं काही नाही. रत्नागिरी स्टेशनवर उतरलो तेव्हा पाऊस नुसता कोसळत होता आणि ताई रेनकोट घालून, वर छत्री धरून उभी होती. तिने आधी ईराला जवळ घेतलं, मग तिच्या पाठीवरच्या दप्तराकडे पाहिलं. जर्मन मुलांचं दप्तर म्हणजे एक कडक पेटी असते, आकाराने छोट्या कपाटाएवढी, वर चमकणाऱ्या पट्ट्या.

"यात काय संसार आहे का गो?" ताई म्हणाली.

पहिले दोन दिवस कपडे वाळवण्यात आणि खाण्यात गेले. मासेमारी बंद होती, त्यामुळे बाजारात ताजं काही नव्हतं. ताईने सुक्या कोळंबीचे सोडे घालून वांग्याची भाजी केली आणि ईराने तीन भाकऱ्या खाल्ल्या. घरात ती तोंड बंद ठेवत नाही. तिच्या जर्मन शाळेत सगळे घरातल्या सपाता घालून वर्गात बसतात, तिचे गणिताचे पेपर शाईच्या पेनानेच लिहावे लागतात, चौथीत सायकलची परीक्षा असते आणि पोलीस येऊन ती घेतात, हे सगळं तिने मावशीला जेवता जेवता सांगितलं. ताई माझ्याकडे बघत होती. नंतर स्वयंपाकघरात मला म्हणाली, "ही पोरगी बोलत नाही?"

खाडीकाठची शाळा

सोमवारी आम्ही तिघी एसटीने निघालो. फाट्यावर उतरून उताराच्या रस्त्याने दहा मिनिटं चालायचं. दोन्ही बाजूला जांभ्या दगडाचे गडगे, म्हणजे कुंपणाच्या बुटक्या भिंती, त्यांवर हिरवंगार शेवाळ. खाली खाडी, काठावर झावळ्यांनी शाकारलेल्या होड्या. आणि होड्यांच्या अलीकडे दोन खोल्यांची शाळा. पहिली ते चौथी मिळून तेवीस मुलं. एका खोलीत ताई तिसरी-चौथीला शिकवते, दुसरीत एक गुरुजी पहिली-दुसरीला.

चपला बाहेर काढून मुलं आत अनवाणी बसली होती. ईराने माझ्याकडे पाहिलं. तिला हे ओळखीचं वाटलं असावं. तेवढंच ओळखीचं होतं. ताईने काही विचारलं की सगळा वर्ग गुडघ्यावर उठायचा आणि "बाई मी, बाई मी, बाई मी" असा एकच गलका. उत्तर आधी ओरडून व्हायचं, नाव नंतर घेतलं जायचं. ईरा भिंतीला पाठ लावून बसली होती. मी खिडकीबाहेरच्या पडवीत होते. हिला मी बोलतं करायला आणलं की आणखी गप्प करायला?

त्यात आणखी एक अडचण. ईरा मराठी फाडफाड बोलते, पण तिला वाचता अडखळतच येतं. ताईने तिला चौथीतल्या एका मुलीच्या ताब्यात दिलं. तिचं नाव आफरीन. काटक, दोन घट्ट वेण्या, आवाज असा की पलीकडच्या काठावर ऐकू जावा. तिचे वडील बोटीवर असतात, वर्षातून दोन महिने घरी. आफरीनने ईराला समोर बसवून पहिला प्रश्न विचारला, "तुमच्या शाळेत मारतात?"

"नाही."

"ओरडतात?"

ईराने विचार केला. "फ्राउ केलर ओरडत नाहीत. त्या गप्प होतात. मग सगळे गप्प होतात."

"म्हणजे घाबरवतात," आफरीन समजूतदारपणे म्हणाली आणि तिने बाराखडी उघडली.

शिकवण्याची तिची पद्धत साधी होती. शब्द चुकला की ईराचं बोट धरून ती त्या अक्षरावर आपटायची. आठवड्याभरात ईरा भिंतीवरचे तक्ते वाचू लागली. दुपारी खिचडी असायची, वर मोड आलेली मटकी. सगळी मुलं ओळीने बसायची, चौथीच्या मुली वाढायच्या आणि नंतर सगळी आपापलं ताट विहिरीजवळच्या नळावर धुवायची. जर्मनीत साडेनऊला डब्यातली पाव-गाजरं प्रत्येकजण आपली आपण खातो. कुणी कुणाला देत नाही. द्यायचं नसतं, ॲलर्जी असेल तर? इथे चौथ्या दिवशी ईराच्या ताटात तिघींच्या घरची लोणची होती. तिच्या दप्तराचा उपयोगही ठरला. उलटं करून ठेवलं की त्यावर पहिलीतलं मूल बसून फळा बघू शकायचं.

पण वर्गात ती अजून एक शब्द बोलली नव्हती.

भांडण

दुसऱ्या आठवड्यात एक दिवस पाऊस थांबला आणि ऊन पडलं. शाळा सुटल्यावर ताई हजेरीचं काम संपवत होती, मुलं होड्यांपाशी खेळत होती. मी पायरीवर बसले होते. खाडी अगदी शांत दिसत होती. ईराने चपला काढल्या, फ्रॉक वर खोचला आणि ती पाण्याकडे चालू लागली. तिला बघून दोन लहान मुली मागोमाग निघाल्या.

मी उठेपर्यंत आफरीन पोचली होती. तिने ईराला मागून वेणीला धरून अक्षरशः खेचलं. ईरा चिखलात बसली.

"अक्कल आहे का तुला? सुकती लागलीय!"

सुकती म्हणजे ओहोटी. भरतीचं पाणी परत समुद्राकडे निघालं की वरून शांत दिसणारी खाडी खालून ओढते.

ईरा उठली. लाल झाली होती. आणि मग माझ्या मुलीचा आवाज मी घराबाहेर पहिल्यांदा इतका मोठा ऐकला. "मला पोहता येतं! मी परीक्षा दिलीय! माझ्याकडे बिल्ला आहे!"

"बिल्ल्याला काय कळतं पाण्याचं?"

"तुला तर पोहताच येत नाही!"

"नाही येत. म्हणूनच मी पाण्यात जात नाही. तू जातेस आणि ह्या दोघींना नेतेस."

ईराने मागे वळून त्या दोन लहान मुलींकडे पाहिलं. त्यांना तिने तोवर पाहिलंच नव्हतं. तिचा चेहरा उतरला. ती रडली नाही, पण परतीच्या एसटीत खिडकीकडे तोंड करून बसून राहिली.

खरं तर दोघीही बरोबर होत्या. जर्मनीत पोहणं शाळेतच शिकवतात. समुद्र शंभर कोसांवर असला तरी प्रत्येक मुलाला ते यावं असा आग्रह असतो. आणि इथे खाडीच्या काठावर जन्मलेल्या तेवीस मुलांपैकी जेमतेम चौघांना हातपाय मारता येत होते. पण पाण्यात कोणत्या वेळी उतरायचं नाही, हे प्रत्येकाला ठाऊक होतं.

ताईला ईराने वाटेत एकच गोष्ट विचारली. "मावशी, तुला पोहता येतं?"

"नाही गो. माझा जन्म इथला, पण मला पाण्याची भीतीच वाटते."

"मग तुला माहीत नाही, माणूस पाण्यावर तरंगतो कसा?"

"नाही. कसा?"

ईराने तिच्याकडे नीट पाहिलं. मावशी खोटं खोटं तर विचारत नाही ना, हे तिला बघायचं असावं.

बाकावरचं पोहणं

दुसऱ्या दिवशी ताईने पुस्तक उघडलंच नाही. आधी आफरीनला फळ्यापाशी बोलावलं आणि भरती-सुकतीबद्दल सांगायला लावलं. आफरीनने चंद्रापासून सुरुवात करून तिच्या आजीच्या गुडघेदुखीपर्यंत सगळं सांगितलं. आजीला म्हणे पाणी फिरलेलं गुडघ्यात कळतं. मग ताई म्हणाली, "आता मला एक कळत नाही. माणूस लोखंडाच्या खिळ्यासारखा बुडत का नाही? ते मला येत नाही, मुलांनो, मी कधी शिकले नाही. ईराला येतं."

मी पडवीत उभी होते. ईरा बसूनच राहिली. ताईने घाई केली नाही, की "सांग ना, सांग ना" केलं नाही. मग ईरा उठली आणि म्हणाली, "उभं राहून नाही सांगता येणार."

ती ताईच्या लांब बाकावर उताणी झोपली. "छातीत हवा भरायची. पोट वर. कान पाण्यात. कान पाण्यात गेले की भीती वाटते, पण तेव्हा डोकं उचलायचं नाही. डोकं उचललं की पाय बुडतात." एका मुलाने विचारलं, "कानात पाणी गेलं तर?" "जातं. नंतर बाहेर येतं." "मासे चावतात?" "आमच्या पोहायच्या तलावात मासे नसतात, निळं पाणी असतं." "निळं?" यावर बराच वेळ चर्चा झाली. शेवटी सगळा वर्ग जमिनीवर उताणा झाला होता, गाल फुगवून, आणि ईरा त्यांच्यामधून फिरत प्रत्येकाची हनुवटी वर करत होती. दुसऱ्या खोलीतले गुरुजी काय चाललंय ते बघायला आले, तर त्यांचाही अख्खा वर्ग मागोमाग येऊन झोपला. चांगला अर्धा तास चाललं ते. शेवटी आफरीन झोपल्या झोपल्या ओरडली, "पण हे सगळं भरतीला हां! सुकतीला नाही!" आणि ईरा म्हणाली, "हो. सुकतीला नाही."

संध्याकाळी मी तिला विचारलं, "इथे बोललीस, मग तिकडे का नाही बोलत?"

"फ्राउ केलरना उत्तर माहीत असतं," ती म्हणाली. "मग मी कशाला सांगू? मावशीला खरंच माहीत नव्हतं."

आणि मी तिला लाजाळू समजत होते.

आफरीनकडे

निघायच्या आदल्या रविवारी आफरीनच्या आईने, नसीमाने, आम्हाला जेवायला बोलावलं. शाळेच्या वरच्या अंगाला घर, मागे नारळी. तांदळाच्या रव्याची वाफवलेली सांदणं होती आणि नारळाचा गोड रस, त्याआधी कोंबडीचं जेवण. आफरीनची आजी खाटेवर बसून ईराला सारखी वाढायला सांगत होती. आणि शाळेत छप्पर डोक्यावर घेणारी आफरीन इथे पाट मांड, पाणी दे, आजीला उठव, असं सगळं एका शब्दाशिवाय करत होती.

शाळा चौथीपर्यंतच. पाचवीला कुठे, हा विषय निघालाच. नसीमा म्हणाली, "मी तिला मुंब्र्याला पाठवणार, माझ्या बहिणीकडे. इथली मोठी शाळा खाडीला वळसा घालून. एसटी फाट्यावर सोडते, संध्याकाळची गाडी कधी येते, कधी येत नाही. मी ह्याच शाळेत शिकले, बाई. चौथीत पहिला नंबर. पाचवीला होडीने जायचं होतं, बापूस नको म्हणाला. संपलं माझं. हिचं तसं होऊ देणार नाही. जवळ नाही राहिली तरी चालेल."

मी मान हलवली. मग ईरा सांदण खाता खाता म्हणाली, "पण तिला जायचं नाहीये."

आफरीनने ईराकडे असं पाहिलं की वाटलं, आता परत वेणी ओढणार. आणि मी, जी सहा आठवड्यांसाठी समुद्र ओलांडून हिला बोलतं करायला आले होते, पटकन म्हणाले, "ईरा! मोठ्यांच्या मध्ये बोलायचं नाही!"

शब्द तोंडातून गेले आणि मला माझीच लाज वाटली. ईराने घास खाली ठेवला.

"बोलू दे तिला," नसीमा म्हणाली. "माझी पोर मला सांगत नाही, तिला तरी सांगितलं." ती आफरीनकडे वळली. "खरं?"

आफरीनने हातातला पाण्याचा तांब्या खाली ठेवला. "मला शिकायचंय," ती म्हणाली. तो तिचा आवाज वाटत नव्हता. "पण दादीला कोण उठवणार? आणि तू एकटी. अब्बा फोन करतात तेव्हा तू नंतर रडतेस, मला ऐकू येतं."

खाटेवर आजी पुटपुटली, "मला उठवायला काय, मी बसून राहीन." पण तिने पदराने डोळे टिपले. नसीमा उठून आत गेली. मग ताई म्हणाली, "चौथीत यंदा तीन मुली आहेत. तिघींच्या घरी हाच प्रश्न आहे. मी तिघींच्या आयांना एकत्र बसवते. एकेकटीने सोडवण्यासारखं नाहीये ते."

नसीमा बाहेर आली तेव्हा तिच्या हातात आणखी सांदणं होती. तिने पहिलं ईराच्या ताटात घातलं. हो म्हणाली नाही, नाहीही म्हणाली नाही.

फाट्याकडे चढताना मी ईराची माफी मागितली. नऊ वर्षांच्या मुलीची माफी कशी मागतात, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. मराठीत नीट शब्दच सापडेनात. "मी चुकले," एवढंच म्हणाले. ती म्हणाली, "चालेल," आणि माझ्या छत्रीत आली.

परत

सप्टेंबरात चौथी सुरू झाली. मी वेळ मागून फ्राउ केलरना भेटले आणि ईराने जे कारण सांगितलं होतं, ते तसंच सांगितलं. पहिल्या दिवशी मी तिला काय बजावलं होतं, तेही. त्या आधी हसल्या, मग गंभीर झाल्या. "म्हणजे मी वर्षभर तिला मला आधीच माहीत असलेलंच विचारत होते," त्या म्हणाल्या. ऑक्टोबरात त्यांनी ईराला वर्गाला खाडीबद्दल सांगायला लावलं. तिच्या वर्गातल्या मुलांनी समुद्राची ओढ पाहिलेलीच नव्हती. ती पंधरा मिनिटं बोलली असं मला कळलं. त्यानंतर रोज बोलू लागली, असं मात्र नाही. कधी बोलते, कधी नाही.

थंडीत पत्र आलं. मधल्या शाळेचं. मला वाटलं होतं त्यापेक्षा जास्त लागलं. मी रात्रभर, खोटं कशाला सांगू, फ्राउ केलरना मनात पत्रं लिहीत होते. सकाळी ईराला विचारलं, तुला काय वाटतं? हे मी आधी विचारायला हवं होतं. तिने सांगितलं की त्या शाळेत मोठी प्रयोगशाळा आहे, मुलं ओढ्याचं पाणी आणून तपासतात, ती पाहायला गेली तेव्हा तिने तिथल्या सरांना तीन प्रश्न विचारले आणि त्यातल्या एकाचं उत्तर सरांना आलं नाही. "मला तिकडेच जायचंय," ती म्हणाली. आम्ही तिकडेच नाव घातलं.

रत्नागिरीत ताईने तिन्ही आयांना खरंच एकत्र बसवलं. दोनदा नव्हे, पाच-सहा वेळा बसवावं लागलं. तिघींनी मिळून ठरवलं की मुली जाताना एसटीने एकत्र जातील आणि येताना आठवड्याला एकेकीच्या घरचं कुणीतरी फाट्यावर थांबेल. आठवीपर्यंत असं चालवू, मुंब्र्याचं पुढे बघू, असं नसीमा म्हणते. तिला अजून धाकधूक आहे. पावसात एक दिवस संध्याकाळची गाडी आली नाही तेव्हा तिघी मुली तासभर शाळेपाशीच उभ्या होत्या आणि नसीमाने ताईला फोन करून खूप सुनावलं.

आफरीनची पाचवी जूनमध्ये सुरू झाली. ईराची व्हायला अजून तीन महिने होते. त्या आठवड्यात ताईच्या फोनवरून दोघींचं बोलणं झालं. ईरा पलंगावर पालथी पडून ऐकत होती, मी बाजूला कपड्यांच्या घड्या करत होते.

"कशी आहे पाचवी?" ईराने विचारलं.

"मोठी आहे. कुणी कुणाला ओळखत नाही. बाई माझं नाव आफ्रिका घ्यायच्या."

"मग तू काय केलंस?"

"उभी राहिले आणि सांगितलं, आफरीन."

"मग?"

"दुसऱ्या दिवशी परत आफ्रिका. परत उभी राहिले." पलीकडे गाडीचा आवाज आला, मग परत आफरीनचा, पहिल्यापेक्षा मोठा. "आता नीट घेतात. तुझंही नाव चुकलं तर पहिल्या आठवड्यातच सांगून टाक. नंतर त्यांना सवय होते."